एकच नोटबुक, दोन सरासऱ्या : सामायिक विश्लेषणाचे एक प्रकरण

हवेतील सूक्ष्म धूलिकणांच्या नोंदींचे विश्लेषण करणाऱ्या एका छोट्या संशोधन गटाच्या मसुदा अहवालात एका मापन केंद्राची पीएम २.५ ची हंगामी सरासरी दर घनमीटर ३५.१ मायक्रोग्रॅम अशी छापली गेली. त्याच आठवड्यात गटातील दुसऱ्या विश्लेषकाने त्याच संगणकीय नोटबुकमधून, म्हणजे कोड, टिपणे आणि निकाल एकत्र ठेवणाऱ्या दस्तऐवजातून, काढलेल्या तक्त्यात त्याच केंद्राची, त्याच हंगामाची सरासरी ४१.३ आली. मूळ डेटाची फाइल एकच होती, दोन्ही आकडे काढण्याच्या मधल्या काळात कोडमध्ये हिशेबावर परिणाम होईल असा कोणताही बदल झालेला नव्हता, आणि दोघेही एकाच सर्व्हरवरील एकाच सामायिक नोटबुकमध्ये काम करत होते. प्रत्येकाचा आकडा वेगळा येण्याचा जुना त्रास संपावा म्हणूनच गटाने सहयोगी नोटबुक सॉफ्टवेअर घेतले होते. त्यामुळे हा फरक सर्वांनाच जिव्हारी लागला. सॉफ्टवेअरमध्येच दोष आहे असे काहींचे मत पडले, तर कोणीतरी कोड बदलून गुपचूप पूर्ववत केला असावा अशी कुजबुजही झाली.

या प्रकरणाचा आढावा घेताना गटातील प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे झाले, नोटबुकचा आवृत्ती-इतिहास तपासला आणि दोन्ही आकडे पुन्हा काढून पाहिले. त्यातून माझे जे मत बनले ते सुरुवातीलाच नोंदवतो. एकत्र लिहिणे आणि एकत्र चालवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. या प्रकारच्या सॉफ्टवेअरने पहिले काम उत्तम रीतीने सोपे केले आहे; मात्र त्याच सोयीमुळे दुसरे कामही आपोआप सुटले असा वापरणाऱ्यांचा समज होतो, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

गट आणि त्याची जुनी पद्धत

गटात सहा जण आहेत. दोन विश्लेषक पायथॉनमध्ये काम करतात, एक संख्याशास्त्रज्ञ आर या भाषेत, आणि मापन केंद्रांकडून येणाऱ्या नोंदी सांभाळणारे दोन जण कोड जवळपास लिहीतच नाहीत. पण कोणत्या केंद्रावर कोणते यंत्र कधी बसवले, कधी बिघडले, कोणती नोंद संशयास्पद आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. सहाव्या, म्हणजे गटाच्या प्रमुख, नोटबुक फक्त वाचतात.

पूर्वी दोन्ही विश्लेषक आपापल्या संगणकावर ज्युपिटर नोटबुक चालवत आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनामार्फत फाइलींची देवाणघेवाण करत. ज्यांनी हे केले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्युपिटरची फाइल आतून जेसन या मजकुरी स्वरूपात असते आणि तिच्यात कोडबरोबरच प्रत्येक सेलचा (म्हणजे स्वतंत्रपणे चालवता येणाऱ्या कोडच्या तुकड्याचा) आउटपुट, सेल कितव्या क्रमाने चालली तो क्रमांक आणि आलेखाचे चित्रसुद्धा अक्षरांच्या लांबलचक माळेच्या रूपात साठवलेले असते. आलेखातील एका रेषेचा रंग बदलला तरी गिटच्या दृष्टीने ती सगळी माळ बदलते, आणि दोन फाइलींमधला फरक पाहायला बसलेल्या माणसाला खरा बदल शोधून सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोघांनी एकाच सेलला हात लावला असेल तर मर्ज कॉन्फ्लिक्टच्या (दोघांचे बदल आपोआप एकत्र न जुळल्याच्या) खुणा जेसनच्या मध्येच घुसतात, त्याची रचना मोडते आणि नोटबुक उघडतच नाही. यावर साधने आहेत. एनबीडाइम सेलनिहाय फरक दाखवते, एनबीस्ट्रिपआउट फाइल गिटमध्ये जाण्यापूर्वी तिच्यातील सगळे आउटपुट काढून टाकते. गटाने दुसरे साधन काही काळ वापरलेही. पण मग नोंदी सांभाळणाऱ्यांनी फाइल उघडली की तिच्यात एकही आलेख नसे, कोड चालवून पाहण्याची त्यांची तयारी नसे, आणि ज्यांच्या नजरेखालून आलेख जाणे सर्वांत गरजेचे त्यांनाच ते दिसेनासे झाले. शेवटी आलेखांची चित्रे वेगळी जतन करून ईमेलने पाठवण्याची प्रथा पडली आणि कोणते चित्र कोणत्या कोडचे, याचा माग राहिला नाही.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण पुढच्या गोंधळाचे बीज या साधनाच्या जन्मातच आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथॉन सुरू केले ते एका माणसाने संगणकाशी प्रश्नोत्तरे करत काम करावे म्हणून. ब्राउझरमध्ये चालणारे नोटबुक २०११ मध्ये आले, आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर हा अनेक भाषांसाठीचा प्रकल्प वेगळा झाला. या साऱ्या काळात नोटबुक म्हणजे एका माणसाचे टेबल होते : समोर कागद, आणि मागे त्याच्या एकट्याच्या हुकमाने चालणारा कर्नल, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणारी आणि मधली मूल्ये स्मृतीत ठेवणारी यंत्रणा. ज्युपिटरहबने अनेकांना एका सर्व्हरवर आणले, तरी तिथेही प्रत्येकाला आपले स्वतंत्र दालन मिळत होते. एकाच नोटबुकमध्ये अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय ज्युपिटरलॅबमध्ये २०२१ च्या सुमारास, ३.१ या आवृत्तीपासून आली. तिच्यामागे वायजेएस ही लायब्ररी आहे. दोन माणसांनी एकाच ओळीत एकाच क्षणी अक्षरे घातली तरी ती सर्वांच्या पडद्यावर अखेर एकाच क्रमाने दिसतील, याची हमी देणारी डेटा-रचना ती वापरते. मर्ज कॉन्फ्लिक्ट हा प्रकारच तिथे उरत नाही.

पण ही हमी मजकुरापुरती आहे. कर्नलच्या स्मृतीत कोणत्या व्हेरिएबलमध्ये या क्षणी काय साठले आहे, ते कोणी, कधी आणि कोणत्या क्रमाने सेल चालवल्यामुळे साठले, याविषयी ती रचना काहीच सांगत नाही, आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही.

नवे सॉफ्टवेअर आल्यानंतर

गटाने निवडलेले सॉफ्टवेअर याच वळणाचे, इंटरनेटवरून वापरण्याचे, व्यावसायिक उत्पादन होते. सुरुवातीचे अनुभव चांगले होते आणि ते तसे नोंदवणे न्यायाचे ठरेल. कोडला लागणारे सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर बसवण्याचा त्रास संपला. 'माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का चालत नाही' हा संवाद बंद झाला, कारण लायब्ररींच्या आवृत्त्या सर्वांसाठी एकाच जागी ठरल्या. नवा माणूस आला तर त्याला एक दुवा पाठवला की पुरे.

सर्वांत मोठा लाभ मात्र जाहिरातीत अग्रभागी असलेल्या एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीमुळे झाला नाही. दोघांनी एकाच सेलमध्ये एकाच क्षणी लिहिणे ही गोष्ट पहिल्या काही दिवसांतील कुतूहल ओसरल्यावर फारशी कोणी केली नाही. कोड लिहिताना दुसऱ्याचा कर्सर शेजारी हलत राहिला की लक्ष विचलित होते, असे दोन्ही विश्लेषकांनी सांगितले. लाभ झाला तो सेलला जोडून कमेंट लिहिण्याच्या साध्या सोयीमुळे. एका केंद्राच्या आलेखात एका तारखेनंतर सर्व मूल्ये एकदम वर सरकलेली होती. विश्लेषकांनी तो प्रदूषणातील खरा बदल मानून त्यावर दोन परिच्छेद लिहूनही ठेवले होते. नोंदी सांभाळणाऱ्यांपैकी एकाने त्या आलेखाखाली कमेंट टाकली : 'या तारखेला जुने यंत्र काढून नवे बसवले, नव्या यंत्राचे हवा ओढणारे तोंड रस्त्याच्या बाजूला आहे.' एवढ्या एका ओळीने विश्लेषणाची दिशा बदलली. ही माहिती गटात आधीही होती, केंद्राच्या देखभाल-नोंदवहीत लिहिलेलीही होती. परंतु ज्याला ती ठाऊक होती तो आणि ज्याच्यासमोर आलेख होता तो, हे दोघे यापूर्वी कधी एका पानावर आलेच नव्हते. माझ्या मते कोड न लिहिणाऱ्या जाणकाराला आलेखाच्या शेजारी बसवणे, हीच या सॉफ्टवेअरची खरी कमाई आहे.

आता दोष. हे सॉफ्टवेअर एका नोटबुकसाठी सर्वांना मिळून एकच कर्नल देत होते. प्रत्येकाला स्वतंत्र कर्नल देण्याचा पर्याय सेटिंगमध्ये होता, परंतु तो मुळात बंद असे आणि तो आहे हेच गटात कोणाला माहीत नव्हते. एकच कर्नल म्हणजे एकच रांग : एकाने लांबलचक गणना सुरू केली की दुसऱ्याची दोन ओळींची सेलही मागे ताटकळत राही. एकदा एका विश्लेषकाने सर्व केंद्रांच्या अनेक वर्षांच्या तासागणिक नोंदी एकदम स्मृतीत ओढल्या, स्मृती संपली, कर्नल कोसळला आणि दुसऱ्याचे अर्धे झालेले कामही त्याबरोबर गेले. या गोष्टींचा त्रास झाला, पण त्या उघड होत्या. काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळत होते. सरासरीच्या बाबतीत मात्र काही बिघडल्याचे कोणाला कळलेच नाही.

सरासरी कशी बदलली

उलगडा एका साध्या भागाकाराने झाला. ३५.१ ला ४१.३ ने भागले की ०.८५ येते, आणि ०.८५ हा आकडा नोटबुकमध्ये आधीच हजर होता : त्या केंद्रावरील यंत्राचा तो दुरुस्ती-गुणक होता. प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूलिकण मोजणारी स्वस्त यंत्रे दमट हवेत कण फुगल्यामुळे प्रत्यक्षापेक्षा अधिक मूल्य दाखवतात. म्हणून ती प्रमाणित यंत्राशेजारी काही काळ ठेवून तुलना करतात आणि त्यावरून दुरुस्ती ठरवतात. या केंद्रासाठी गटाने साधा गुणक धरला होता. कच्ची सरासरी ४८.६ होती, तिला एकदा ०.८५ ने गुणले की ४१.३ येते आणि दोनदा गुणले की ३५.१. अहवालात गेलेला आकडा दोनदा दुरुस्त झालेला होता.

दोनदा कसा, हे पाहण्यासाठी त्या सेलकडेच जावे लागते. तिच्यात एक टिपण सोडले तर कोडची एकच ओळ होती. त्या केंद्राच्या डेटाफ्रेममधील, म्हणजे स्मृतीत ठेवलेल्या तक्त्यातील, पीएम हा स्तंभ घ्यायचा, ०.८५ ने गुणायचा आणि उत्तर पुन्हा त्याच स्तंभात ठेवायचे. अशी ओळ प्रत्येक वेळी चालवली की आधीच्या उत्तरावर पुन्हा चालते. तिच्या अगदी वर असलेल्या सेलमध्ये, नोंद नसल्याची खूण म्हणून यंत्राने लिहिलेले उणे ९९९ हे मूल्य काढून तिथे रिकामी जागा ठेवण्याचे काम होते. ती सेल कितीही वेळा चालवा, काही बिघडत नाही, कारण पहिल्या वेळेनंतर बदलण्याजोगे उणे ९९९ कुठे उरतच नाही. दिसायला या दोन सेल सख्ख्या बहिणी होत्या; दोन्ही एकाच डेटाफ्रेमला जागच्या जागी बदलत होत्या. पण एक पुन्हा चालवणे निर्धोक होते आणि दुसरी पुन्हा चालवणे घातक, आणि हा फरक नुसता कोड वाचताना सहज लक्षात येत नाही.

घटनाक्रम असा जुळवता आला. पहिल्या विश्लेषिकेने सकाळी नोटबुक वरपासून खालपर्यंत चालवले. दुरुस्तीच्या सेलला २३ हा क्रमांक मिळाला, आलेख बरोबर आला. दुपारी दुसरा विश्लेषक त्याच नोटबुकमध्ये आला. दुरुस्तीच्या सेलमध्येच असलेल्या टिपणात त्याला शुद्धलेखनाची एक चूक दिसली, ती त्याने सुधारली आणि सेलमधून बाहेर पडण्यासाठी सवयीने शिफ्ट आणि एंटर या कळा दाबल्या. नोटबुक रोज वापरणाऱ्यांच्या बोटांना ही सवय इतकी जडलेली असते की ती सेल चालवण्याची आज्ञा आहे याचे भानही राहत नाही. सेल पुन्हा चालली. तिच्या शेजारचा २३ हा क्रमांक जाऊन ३१ आला, आणि सेल चालल्याची तेवढीच खूण पानावर उमटली. क्रमांक शेवटचा तेवढा दिसतो. त्याआधी तीच सेल चालून गेली होती हे पान कुठेही सांगत नाही. संध्याकाळी पहिल्या विश्लेषिकेने अहवालासाठी तक्त्याची नवी सेल तळाशी लिहिली आणि फक्त तेवढीच चालवली. तिच्या दृष्टीने वरचे सारे सकाळीच चालवून झालेले होते. तक्त्यात ३५.१ आले. वरचा आलेख मात्र सकाळचाच, म्हणजे एकदाच दुरुस्त केलेल्या मूल्यांचा, जसाच्या तसा उभा होता. एकाच पानावर आलेख एक सांगत होता आणि तक्ता दुसरे, पण मध्ये बऱ्याच सेल असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी कोणाच्या नजरेत आले नाहीत. रात्री वापर नसल्यामुळे सर्व्हरने कर्नल बंद केला. पुढे दुसऱ्या विश्लेषकाने नोटबुक नव्याने चालवले तेव्हा अर्थातच ४१.३ आले.

आवृत्ती-इतिहासात यातले काय सापडले? एका टिपणातील शुद्धलेखनाची दुरुस्ती, आणि एक नवी सेल. दोन्ही निरुपद्रवी. सॉफ्टवेअरने प्रत्येक अक्षराचा हिशेब ठेवला होता. कोणती सेल कोणी किती वेळा चालवली याचा हिशेब मात्र वापरणाऱ्याला दिसेल असा कुठेच नव्हता. कोणीतरी कोड बदलून पूर्ववत केल्याचा संशय या इतिहासामुळे दूर झाला हे खरे, पण खरे कारण त्यातून कधीच कळले नसते.

अदृश्य स्थितीचा हा दोष एकट्याने काम करतानाही होतोच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील सुमारे १४ लाख नोटबुक्स गोळा करून, त्यांतील चालवून पाहण्याजोगी नोटबुक्स प्रत्यक्ष चालवली गेली. त्यांपैकी सुमारे २४ टक्के त्रुटी न येता शेवटपर्यंत चालली आणि आत साठवलेलेच निकाल पुन्हा देणारी जेमतेम ४ टक्के निघाली. एकट्या माणसाला निदान आपण काय केले याची अंधूक आठवण तरी असते. सामायिक कर्नलमध्ये ती आठवणही दोघांत वाटली जाते आणि प्रत्येकाकडे अर्धीच राहते. पहिल्या विश्लेषिकेच्या आठवणीप्रमाणे सेल एकदाच चालली होती. दुसऱ्याच्या आठवणीप्रमाणे त्याने ती चालवलीच नव्हती, फक्त एक वेलांटी सुधारली होती. दोघेही प्रामाणिकपणे सांगत होते.

उघड्यावरचे कच्चे काम

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली, जिचा सरासरीशी थेट संबंध नाही, पण अशा सॉफ्टवेअरच्या अनुभवाविषयी बोलताना ती टाळता येणार नाही. नोटबुक सामायिक झाल्यापासून गटाच्या प्रमुख ते केव्हाही उघडू लागल्या. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु विश्लेषण चालू असताना नोटबुकमध्ये अर्धवट गाळलेला डेटा असतो, चुकीच्या एककातले आलेख असतात, 'हे करून पाहू' म्हणून लिहिलेल्या आणि नंतर काढून टाकायच्या सेल असतात. अशाच एका कच्च्या आलेखावरून त्यांनी बाहेरच्या बैठकीत एक विधान केले आणि ते नंतर मागे घ्यावे लागले. त्यानंतर दोन्ही विश्लेषकांनी काय केले असेल? त्यांनी आपापली खासगी नोटबुक्स उघडली, प्रयोग तिथे करू लागले आणि नीटनेटके झालेले तेवढेच सामायिक नोटबुकमध्ये चिकटवू लागले. म्हणजे ज्या विखुरलेपणातून बाहेर पडण्यासाठी हे सॉफ्टवेअर आणले, तो विखुरलेपणा एका पायरीने मागे सरकून पुन्हा आला, आणि या खेपेस त्याला गिटचाही आधार नव्हता. पाहणाऱ्याला मज्जाव करणे हा यावरचा उपाय नाही. लिहिणाऱ्याला कच्चे काम कच्चे म्हणून ठेवता येईल अशी जागा हवी असते, आणि पारदर्शकतेच्या उत्साहात ती जागा आपण काढून घेतो आहोत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

काय बदलले

पहिला बदल सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. दुरुस्तीची सेल पुन्हा लिहिली गेली : कच्चा पीएम स्तंभ जसाच्या तसा ठेवायचा आणि दुरुस्त मूल्ये नव्या, वेगळ्या नावाच्या स्तंभात लिहायची. आता ती सेल दहा वेळा चालली तरी उत्तर तेच येते. कच्च्या स्तंभाला हात लावायचा नाही, हा नियम पुढे सर्वच नोटबुक्सना लागू झाला, आणि तो पाळण्यासाठी कोणतेही नवे साधन लागले नाही.

दुसरे, स्वतंत्र कर्नलचा पर्याय सुरू केला. यात काही गमवावेही लागले. पूर्वी एकाने डेटा वाचून ठेवला की दुसऱ्याला तो आयता मिळत असे. आता प्रत्येकाने आपापल्या कर्नलमध्ये वाचायचा आणि सर्व्हरची स्मृतीही दुप्पट लागते. शिवाय आउटपुट ज्याने शेवटी सेल चालवली त्याचा दिसतो, त्यामुळे पडद्यावरचा आलेख आपल्या कर्नलमधून आलेला असेलच असे नाही. हा नवा संभ्रम आहे आणि तो पूर्णपणे गेलेला नाही.

तिसरा बदल शिस्तीचा. अहवालात जाणारा कोणताही आकडा कर्नल रीस्टार्ट करून, नोटबुक पहिल्या सेलपासून शेवटपर्यंत एका दमात चालवल्यावरच उचलायचा. हा सल्ला नवा नाही. ज्युपिटरच्या मेनूत त्यासाठी तयार आज्ञाच आहे. तो पाळला जात नव्हता याचे कारणही आळस हे नव्हते. सर्व केंद्रांचा डेटा वाचून स्वच्छ करायला इतका वेळ लागे की मध्येच रीस्टार्ट करणे म्हणजे अर्धी दुपार घालवणे. म्हणून नोटबुकचे दोन भाग केले. पहिले नोटबुक कच्च्या फाइली वाचते, स्वच्छ करते आणि निकाल पार्के या, स्तंभांचे प्रकारही जपणाऱ्या, स्वरूपाच्या फाइलीत ठेवते. दुसरे तिथून सुरू होते आणि झटपट चालते. शिस्त पाळणे स्वस्त झाले तेव्हाच ती पाळली गेली. पुढे पेपरमिल या साधनाने अंतिम नोटबुक दर रात्री कोऱ्या कर्नलमध्ये आपोआप चालवण्याची व्यवस्था केली. सकाळी तयार होणारी ती प्रत केवळ वाचण्यासाठी असते आणि गटप्रमुखांना आता तिचाच दुवा दिला जातो. कच्चे काम त्यामुळे पुन्हा सामायिक नोटबुकमध्ये परतले. खासगी नोटबुक्स पूर्ण बंद झाली असे नाही, पण कमी झाली.

या चर्चेत रिअॅक्टिव्ह नोटबुकचा विषयही निघाला. ऑब्झर्व्हेबल, ज्युलिया भाषेतील प्लूटो आणि पायथॉनमधील मारिमो या प्रकारात सेल एकमेकींवर कशा अवलंबून आहेत हे सॉफ्टवेअर स्वतः ओळखते आणि एक बदलली की तिच्यावर विसंबलेल्या साऱ्या पुन्हा चालवते. आलेख सकाळचा आणि तक्ता संध्याकाळचा, ही विसंगती तिथे सहसा संभवत नाही. मारिमो तर एकच व्हेरिएबल दोन सेलमध्ये निर्माण करू देत नाही, आणि साध्या पायथॉन फाइलीच्या रूपात जतन होत असल्यामुळे गिटचीही कटकट मिटते. दुसऱ्या विश्लेषकाने तिकडे वळण्याचा जोरदार आग्रह धरला. पण येथे एक बारकावा आहे. ही साधने व्हेरिएबलच्या नावांवरून अवलंबित्व ओळखतात. त्या नावामागच्या वस्तूच्या पोटात झालेला बदल त्यांना दिसत नाही. डेटाफ्रेमचा एक स्तंभ जागच्या जागी गुणणारी आपली ती ओळ तिथे वेगळ्या सेलमध्ये जशीच्या तशी लिहिली असती आणि ती सेल हाताने पुन्हा चालवली असती, तर गुणाकार तिथेही दोनदा झाला असता. मारिमोच्या माहितीपत्रातही असे जागच्या जागी केलेले बदल शोधले जात नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा हा विशिष्ट अपघात टळला तो सेल नव्याने लिहिल्यामुळे. दुसरे सॉफ्टवेअर घेऊन तो टळला असता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. नोंदी सांभाळणाऱ्यांना नुकतीच अंगवळणी पडलेली कमेंटची सोय सोडायला लावणे गटाला परवडणारे नव्हते, आणि तो विषय तिथेच थांबला. मला हा निर्णय योग्य वाटतो.

जे सुटले नाही

आरमध्ये काम करणारे संख्याशास्त्रज्ञ या साऱ्यापासून बरेचसे बाहेरच राहिले. या सॉफ्टवेअरमध्ये एका नोटबुकला एकाच भाषेचा कर्नल जोडता येत होता, त्यामुळे त्यांचे काम मुख्य नोटबुकमध्ये येणे शक्यच नव्हते, आणि केवळ सोबतीसाठी पायथॉन शिकण्याची त्यांची इच्छा नव्हती. सुरुवातीला देवाणघेवाण सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलींनी होत असे. तिच्यात स्तंभांचे प्रकार टिकत नाहीत. एकदा केंद्रांचे सांकेतिक क्रमांक पुढची शून्ये गमावून संख्या बनले, तर दुसऱ्या वेळी वेळेच्या नोंदींचा कालपट्टा हरवून तासागणिक सरासऱ्या सरकल्या. आर आणि पायथॉन यांच्यात डेटाफ्रेम न बिघडता जावी म्हणून वेस मॅकिनी आणि हॅडली विकहॅम यांनी २०१६ मध्ये फेदर हे फाइल-स्वरूप आणले होते, ते याच दुखण्यावरचे औषध. गटाने पार्के आधीच स्वीकारलेले असल्यामुळे इथेही तेच वापरले आणि तक्रारी थांबल्या. संख्याशास्त्रज्ञ आता रात्री तयार झालेली स्वच्छ फाइल उचलतात, आपले मॉडेल आपल्या संगणकावर चालवतात आणि निकाल तशाच फाइलीत परत ठेवतात.

मसुदा अहवालातील ३५.१ हा आकडा दुरुस्त करून ४१.३ केला गेला, आणि त्या तक्त्यातील इतर केंद्रांचे आकडेही नव्याने काढले. इतर केंद्रांना तो गुणक लागू नव्हता, त्यामुळे त्यांच्यात फरक पडला नाही. कमेंटचा साठा मात्र आता वाढत चालला आहे. यंत्र बदलल्याची ती ओळ अजूनही एका आलेखाखालच्या, निकाली म्हणून बंद केलेल्या संवादात आहे. तिच्यासारखी माहिती केंद्रांच्या मूळ नोंदींबरोबर एखाद्या तक्त्यात कायमची नेऊन ठेवावी, असे नोंदी सांभाळणाऱ्यांनी सुचवले आहे. ते काम कोणी करायचे, यावर गटात अद्याप एकमत झालेले नाही.